जुना आरा पुन्हा चालता केला

नागपूरच्या शनिचरी बाजारात भंगाराच्या ढिगाखाली दोघांनी ओढायचा जुना आरा मिळाला. मुठी गायब, पातं गंजलेलं. पण टिचकी मारली तर खणखणीत वाजलं, म्हणजे तडा नाही. असं पातं दिसलं की सोडू नये.

गंजाला ग्राइंडर लावूच नका. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, मग धार टिकत नाही. मी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून डिझेल टाकत घासलं. बारीक खड्डे राहिले तरी चालतात.

खरं काम दातांचं. टोकदार दात लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी कापतात. त्यांच्यामधले दुहेरी टोकाचे दात कापलेला भाग उचलून बाहेर काढतात. आधी सपाट कानस फिरवून सगळी टोकं एका उंचीत आणली, मग मधले दात साधारण पाव मिलिमीटर खाली घेतले. ते वर राहिले तर आरा अडकतो, फार खाली गेले तर नुसता भुसा पडतो. टोकदार दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवले, म्हणजे पातं लाकडात आवळत नाही.

मुठी धावड्याच्या लाकडाच्या केल्या. कुऱ्हाडीचा दांडाही त्याचाच उत्तम. वरून जवसाचं तेल, ते सुकून बसतं.

भाच्याला घेऊन पडलेल्या निंबाच्या ओंडक्यावर चालवला. शेवयांसारखे लांब काप पडले! फक्त आपल्याकडे ओढायचं, समोरच्याकडे ढकलायचं नाही. ढकललं की पातं लचकतं.