दर्शक कागदाने आम्लता तपासताना या चुका टाळा

आम्लात लाल होणारा दर्शक कागद, म्हणजे निळा लिटमस, निळाच राहिला की ‘आम्ल नाही’ असं लिहून मोकळं होणं, ही सगळ्यात घातक चूक. लिटमसचा रंग सामू म्हणजे पीएच (७ उदासीन, त्याखाली आम्लधर्मी) साधारण ५ ते ८ या टप्प्यात हळूहळू बदलतो. सामू ६ असलेलं सौम्य आम्लधर्मी द्रावण त्याला धड लाल करत नाही, फार तर जांभळट करून सोडतं. म्हणून निळा आणि लाल, दोन्ही कागद वापरा, आणि छटा संदिग्ध वाटली तर सरळ पीएच पट्टी घ्या.

पट्टीवरचा आकडा वाचतानाही गफलत होते. ३ आणि ४ शेजारी दिसतात, पण त्यांच्यात हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा दहापट फरक असतो. शिवाय पट्टी सामू सांगते, एकूण आम्ल किती ते सांगत नाही. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १, तर तितक्याच संहतीच्या, म्हणजे तीव्रतेच्या, ॲसिटिक आम्लाचा जवळपास २.९. तरीही दोन्ही समान आकारमानात घेतली, तर उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड सारखंच लागतं. आम्लाचं प्रमाण हवं असेल तर अनुमापन करा, म्हणजे आम्ल उदासीन करायला ठरावीक तीव्रतेचं अल्कली किती लागतं ते मोजा; नुसती पट्टी पुरत नाही.

कागद बाटलीत बुडवू नका. त्यातला रंग द्रावणात उतरतो आणि अख्खी बाटली दूषित होते. काचकांडीने एक थेंब कागदावर ठेवणं पुरेसं. कांडी दर वेळी धुऊन पुसा, कागद चिमट्याने धरा. घामट बोटांचा डागही रंग बदलू शकतो.

द्रव तपासताना कागद आधी ओला केला तर नमुना विरळ होतो. वायू तपासताना मात्र नेमकं उलट: कोरड्या कागदावर कोरडा वायू काहीच दाखवत नाही, तिथे तो ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने ओलसर करायलाच हवा. क्लोरीन आधी निळा कागद लाल करतो आणि मग रंगच उडवतो. कागद पांढरा पडला तर तो निष्कर्ष उदासीनतेचा नाही, विरंजनाचा, म्हणजे रंग उडाल्याचा आहे. ब्लीचच्या द्रावणातही हेच होतं.

पट्टी पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचा, तीही चांगल्या उजेडात. वाळलेल्या पट्टीचा रंग ग्राह्य धरू नका. गडद रंगाच्या द्रवाला, तेलाला ही पद्धत लावूच नका. ऊर्ध्वपातित पाण्याने ७ दाखवलं नाही तर पट्टीला दोष देण्याची घाई नको: हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू ५.६ च्या आसपास येतो.

कागद घट्ट झाकणाच्या डबीत, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियाच्या बाटल्यांपासून लांब ठेवा. न वापरलेला निळा कागद डबीतच गुलाबी झालेला दिसला, तर तो टाकून द्या.