निघायचा आकडा: पंचगंगेकाठच्या घराची पावसाळ्याआधीची तयारी

पुरात घर कधी सोडायचं याचा एक आकडा मृग लागायच्या आत ठरवा आणि तो दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवा. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण तुमच्या गावाचा बाहेर जाणारा रस्ता बंधाऱ्यावर किती फूट असताना बुडतो, हे तुम्हालाच काढावं लागेल. उंबऱ्याला पाणी कधी लागतं ते मोजत बसू नका. रस्ता घराच्या आधी जातो. मोबाइलमधले २०१९ आणि २०२१चे फोटो काढा, त्यांची तारीख-वेळ बघा, त्या दिवशीची पातळी जुन्या पेपरात शोधा. मिळालेल्या आकड्यातून तीन-चार फूट वजा करा. तो निघायचा आकडा. तो आला की चर्चा नाही.

भिंतीवरच्या जुन्या खुणेवर मात्र विसंबू नका. २००५ची खूण दाखवून ‘याच्या वर पाणी येत नाही’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक गल्लीत होती. त्या हिशोबानं सामान माळ्यावर टाकून ती निवांत बसली आणि ऑगस्ट २०१९ला ती खूणच पाण्याखाली गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ला, बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर चढलं. महिनाभर रिपरिप पडणारा पाऊस आता चार-पाच दिवसांत ओततो. तिकडं गगनबावड्याला झोडपलं की कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती एकदमच फुगतात, त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. ते पाणी चढलं की आपले आपण उघडतात, आपली आवराआवर झाली का हे विचारत नाहीत.

आता जनावरं. माणूस घरात अडकतो तो बहुतेक वेळा म्हशीपायी. दूध हाच महिन्याचा पैसा, तो दावणीला सोडून जा म्हणणं सोपं आहे. म्हणून मेमध्येच माळावरच्या पाहुण्यांशी बोलून ठेवा: किती जनावरं, किती दिवस, वैरण कुणाची. टेम्पोवाल्यालाही तेव्हाच सांगा, कारण ऐनवेळी सगळी गल्ली त्याच टेम्पोमागं असते. घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या, कानातल्या बिल्ल्यासकट प्रत्येक जनावराचा फोटो काढा. दावं एका ओढीत सुटेल अशा गाठीनं बांधा. नाहीच नेता आलं तर निदान मोकळं तरी सोडता येईल. नदीवरची मोटर वर काढायला मात्र कुणाला सांगावं लागत नाही. ती म्हातारीच्या आधी माळावर पोचते!

बोटीची वाट बघायची वेळ येऊ देऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. तिच्यात झेपतील त्याहून जास्त माणसं होती. अडकलातच तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे नंबर कागदावर लिहून खिशात असू द्या, फोनची बॅटरी संपते.

कागदांचं म्हणाल तर सातबारा पुन्हा निघतो. जुनं खरेदीखत, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, पासबुक यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळी ठेवा. घराच्या चारी भिंतींचे आणि आतल्या सामानाचे फोटो आत्ताच काढून बाहेरगावच्या कुणाला तरी पाठवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात. भाडेकरूंनी तर हे नक्कीच करावं. घर दुसऱ्याच्या नावावर असलं की बुडालेलं सामान आपलं होतं हे पटवून देताना जीव जातो. नवऱ्याच्या माघारी वारसनोंद न झालेल्या बाईचंही तेच होतं. ती नोंद पुरानंतर करायचं काम नव्हे.

पिण्याचं पाणी भरून ठेवा म्हटलं की लोक हसतात. २०१९ला कोल्हापूरला पाण्यानं वेढलं होतं आणि नळ कोरडे होते, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळं पेट्रोल-भाज्यांचीही ओढाताण. बीपी-साखरेच्या गोळ्या महिन्याच्या घ्या, घरात दिवस भरत आलेली बाई असेल तर जुलैतच तिला उंचावरच्या नातेवाइकांकडं पाठवा. परत आल्यावर चिखल काढताना गमबूट घाला, आणि ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं सांगा, म्हणजे लेप्टोची (घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका वेळेत येते.

शेवटचं काम, म्हाताऱ्यांना निघा म्हणून कोण सांगणार ते ठरवणं. पोरानं सांगून आई ऐकत नाही. आमच्याकडं हे काम आत्याचं आहे. तिचा फोन आला की आजी उठते, पण देवाचे टाक घेतल्याशिवाय पाय उचलत नाही. म्हणून टाकांची डबी आम्ही जूनलाच पिशवीत टाकतो, आणि देव्हाऱ्यात तोवर फोटो.