झाडलोटीच्या यादीत औषधांचा डबा सगळ्यात वर

दसरा आटोपला की इंदूरच्या मराठी घरांत यादी सुरू होते. चुना, ब्रश, फिनाइल, माळ्यावर चढायला शेजारची शिडी, जड कपाटं सरकवायला कुणी तरी धडधाकट पोरगा. या यादीत पाठ-कंबर कुणी धरत नाही. मग माळ्यावरची पितळी परात उतरवता उतरवता कुणाची तरी कंबर धरते आणि आतून हाक येते, "अगं, आत्याला गुण आला ती गोळी कुठे ठेवलीय?" आत्याची गोळी काका घेतात, काकांची वहिनी घेते. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणती गोळी कुणाला चालते हे कंबर धरण्याआधी ठरवून ठेवावं. कळ आल्यावर माणूस विचार करत नाही, हाताला लागेल ते गिळतो. तेव्हा साफसफाईला हात घालायचा तो औषधांच्या डब्यापासून.

डबा वर्तमानपत्रावर सरळ उपडा करा. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या निघतील, टोपण हरवलेलं मलम निघेल, जुन्या दातदुखीतल्या उरलेल्या गोळ्या निघतील आणि कागदाच्या एखाद्या पुडीत पांढरी, पिवळी, गुलाबी अशी बिननावाची मंडळीही निघतील. पुडी आधी बाजूला काढा. गुडघेदुखीवर हमखास उतार देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि स्टिरॉइडच्या जोडीला वेदनाशामक पोटात गेलं की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती फार वाढते. मग पट्ट्यांकडे वळा. मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो तेव्हा एक्स्पायरीची तारीख बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावरच राहते. आपल्या तुकड्यावर तारीख नसेल किंवा नावाचं शेपूटच तेवढं उरलं असेल, तर तोही पुडीच्या सोबतीला. हे सगळं मोरीत ओतू नका. आपल्या गावात कचऱ्याच्या गाडीला घातक घरगुती कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तो अशाच वेळी कामाला येतो.

उरलेल्या पट्ट्या उलट्या करा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा, कारण पुढची सगळी तयारी या वाचण्यावर उभी आहे. ब्रँडची नावं पाहून वाटतं की घरात सहा निरनिराळी औषधं आहेत. प्रत्यक्षात ब्रुफेनमधलं आयबुप्रोफेन, व्होवेरानमधलं डायक्लोफिनॅक, झीरोडॉलमधलं असिक्लोफिनॅक, मेफ्टालमधलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डिस्प्रिनमधलं अ‍ॅस्पिरिन, शिवाय नॅप्रोक्सेन आणि निमेसुलाइड, हे सगळे एकाच कुळातले. सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारे. क्रोसिन आणि डोलोमधलं पॅरासिटामॉल निराळं आहे. ते ताप आणि दुखणं कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा जोर नाही, पण पोटाला ते खूपच सौम्य. गोंधळ होतो तो जोडगोळ्यांत. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं दोन्ही आहे, झीरोडॉल-पीमध्ये असिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सकाळी कॉम्बिफ्लाम, दुपारी झीरोडॉल-पी आणि कणकण वाटली म्हणून रात्री डोलो ६५० घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली. त्याने एकाच कुळातली दोन घेतली आणि पॅरासिटामॉल तीनदा. उतार दुप्पट होत नाही, अपाय मात्र होतो. म्हणून मार्करने प्रत्येक पट्टीवर ठळक लिहा: सुजेच्या कुळातली असेल तर 'सू', पॅरासिटामॉल असेल तर 'पॅ', जोडगोळी असेल तर दोन्ही. नियम साधा. एका दिवसात एका माणसाला एकाच प्रकारची 'सू'.

यामागचं कारण जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. दुखऱ्या जागी सूज आणि ठणका आणणारं हे द्रव्य जठराच्या अस्तराचंही रक्षण करतं आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतं. गोळीला कंबर कुठली आणि जठर कुठलं हे कळत नाही.

आता एक कोरा कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, भाऊबिजेला येणाऱ्या पाहुण्यांसकट. नावापुढे रोजची औषधं, पट्टी हातात धरून. "बीपीची एक गोळी आहे" हे उत्तर चालणार नाही, कारण खरी गोम तिथेच आहे. समजा आजींची गोळी टेल्मा-एच आहे. ती दिसते एक, पण आत दोन औषधं आहेत: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, दुसरं अंगातलं पाणी कमी करतं. त्यावर ब्रुफेन पडलं की रक्त आत आणणारी नळी आवळते. तिन्ही बाजूंनी दाब कमी झाला की गाळण्याचं काम मंदावतं, आणि आजींनी झाडलोटीच्या धांदलीत दुपारपर्यंत पाणीही प्यायलेलं नसतं. शिवाय 'सू'च्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि पाय सुजतात, म्हणजे बीपीच्या गोळीचं केलेलं पाण्यात. रामिप्रिल आणि एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांचीही गत तीच. अशा प्रत्येक नावापुढे 'सू'वर फुली मारा आणि बाजूला 'पॅ' लिहा.

(मूत्रपिंडाची ही गोष्ट हलकी वाटत असेल तर गिधाडं आठवा. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण औषध तेच.)

आजोबांची इकोस्प्रिन ७५ म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं. आयबुप्रोफेन त्याची जागा अडवून बसू शकतं, मग हृदयासाठी घेतलेली गोळी वाया जाते आणि पोटातल्या रक्तस्रावाची भीती उलट वाढते. ज्यांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्यांनी डायक्लोफिनॅक घेऊ नये असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बजावलं की हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका 'सू'ची (अ‍ॅस्पिरिन सोडून) गोळी सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांच्या नावापुढेही 'सू'वर फुली.

मग एकेकाला विचारत जा. कधी अल्सर झाला होता का? दमा आहे का, डिस्प्रिनने कधी छाती भरून आली होती का, नाकात मांस वाढलंय का? मूत्रपिंडाचा त्रास, यकृताचा त्रास? मेथोट्रेक्सेट किंवा लिथियम या नावाचं औषध चालू आहे का? कशालाही 'हो' आलं तर 'सू'वर फुली. घरात कुणी गरोदर असेल तर पाचव्या महिन्यापासून 'सू'च्या गोळ्या नकोतच, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं; त्याआधीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबरही रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण हा प्रश्न बैठकीत सगळ्यांसमोर विचारू नका. कागद द्या, ज्याचं त्याला गुपचूप लिहू द्या. 'सू नको' एवढं लिहिलं तरी भागतं. पासष्टीच्या पुढच्यांना रोजची गोळी एकही नसली तरी हात आखडता ठेवा.

मुलांचं वेगळं. मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायची नाही, अ‍ॅस्पिरिन सोळाच्या आत नाही, कांजिण्यांत आयबुप्रोफेन नाही, आणि निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंद आहे.

याच दिवसांत डेंगू असतो, हे इथे सविस्तर सांगायलाच हवं. पावसाळा सरलेला, उन्हाळ्यातला कूलर गच्चीवर तसाच पडलेला, तळाशी चार बोटं पाणी. झाडलोटीत तो कूलर आपण हलवतो, पण त्याच्या आधीच डास घरभर झालेले असतात. मग कुणाला तरी सणकून ताप येतो, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं, आणि घरचे म्हणतात काम अंगावर आलं, दे एक कॉम्बिफ्लाम. नेमकं हेच करायचं नाही. डेंगूत प्लेटलेट कमी होतात, आणि 'सू'च्या कुळाने रक्तस्रावाची भीती आणखी वाढते. तेव्हा अंगदुखीबरोबर ताप असेल तर तपासणीत डेंगू नाही असं कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि डॉक्टर. चिकनगुनियाचे सांधे कितीही दुखले तरी नियम तोच. हे वाक्य डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा: ताप असेल तर 'सू' नाही.

एवढं झाल्यावर खरेदी. मेडिकलवर जाऊन "भिया, कमर दर्द की कोई बढ़िया गोली दे दो" असं म्हटलं की 'बढ़िया'चा अर्थ तो आपल्या परीने लावतो. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगून मागा. ब्रुफेन २००, ४०० आणि ६०० अशी मिळते, नुसतं ब्रुफेन म्हणण्यात अर्थ नाही. पट्टीच्या डाव्या कडेला लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीचं, दुकानदाराने हसत दिलं म्हणून ते बिनचिठ्ठीचं होत नाही. डॉक्टरांनी कुणाला 'सू' चालेल असं सांगितलं असेल तर एकच प्रकार घ्या, पट्टी कापू द्यायची असेल तर तारीख आपल्या तुकड्यावर राहील अशी, आणि पॅरासिटामॉलची एक अख्खी पट्टी. दवा बाजारात भाव कमी पडतो म्हणून डझनभर पट्ट्या आणून ठेवू नका. घरात असल्या की पोटात जातात.

सगळ्यात जास्त कामाचं मात्र मलम. मुरगळलेला घोटा, धरलेला गुडघा, आखडलेला खांदा, यांना डायक्लोफिनॅकचं जेल आधी लावून पाहावं. गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं उतरतं. खरचटलेल्या जागी नको, वरून घट्ट पट्टी नको, शेक तर नकोच नको. आणि चकलीच्या पिठात हात घालण्याआधी साबणाने धुवा. शेकायचंच असेल तर मलम न लावता, गरम पाण्याच्या पिशवीने. धरलेल्या कंबरेला तिचा उतार गोळीच्या तोडीचा पडतो, आणि दिवसभर आडवं पडण्यापेक्षा थोडं हिंडतं-फिरतं राहणं बरं.

गोळी घ्यायचीच तर आधी पोहे, मग गोळी, भांडंभर पाण्याबरोबर. चहावर नाही. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी पोटात गेल्यावर. आयबुप्रोफेन दोनशे ते चारशेने सुरू करा, दोन गोळ्यांत सहा-आठ तास जाऊ द्या, आणि डॉक्टरांना न विचारता चोवीस तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, म्हणजे ४०० च्या तीन. पॅरासिटामॉल सगळं मिळून चार ग्रॅमच्या खूप अलीकडे थांबा. त्या दिवशी दारू नको. जुलाब किंवा उलट्या लागल्या तर 'सू' लगेच बंद. तीन-चार दिवसांत उतार नसेल तर दुखणं गोळीच्या आवाक्यातलं नाही.

"गॅसची गोळी बरोबर घेतली की झालं" असं ठासून सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. पॅन्टोप्राझोल पोटाचं थोडंफार राखतं. मूत्रपिंड आणि हृदय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ईनो तर पोटाचंही राखत नाही. आणि इंजेक्शन घेतलं की पोट वाचतं हाही भ्रम. औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोचतं, तोंडाने घ्या नाहीतर दंडात.

कागदाच्या मागच्या बाजूला धोक्याच्या खुणा लिहा. शी डांबरासारखी काळी आणि चिकट (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर नुसता काळा रंग त्यांचाही असू शकतो), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, लघवी फार कमी, चेहरा किंवा ओठ सुजणं, छातीत दुखणं, दम लागणं, अंगावर पुरळ आणि ताप. पोटातला रक्तस्राव कधी कधी पोट न दुखताही होतो, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तेव्हाही गोळी शोधत बसायचं नाही. रुग्णवाहिकेचा १०८ लावायचा किंवा सरळ एमवाय रुग्णालय गाठायचं, आणि पट्टी सोबत न्यायची. औषध बाधलं तर त्याची नोंद १८०० १८० ३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर करता येते, तोही लिहून ठेवा.

डबा ठेवायची जागा शेवटी ठरवा. न्हाणीघरात ओल असते, गॅसच्या वरच्या फळीवर उष्णता, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत काहीच टिकत नाही. बेडरूममधल्या कपाटाचा वरचा कप्पा बरा, पाहुण्यांच्या मुलांचे हात फराळाच्या डब्यांपर्यंत पोचतात तिथपासून लांब. कागद झाकणात दुमडून ठेवा, आणि आत्या आल्या की त्यांच्या पर्समधल्या गोळ्यांवरही मार्कर फिरवून घ्या.