लाल फुलीच्या आधी एक प्रश्न

माझं नोकरीचं पहिलं वर्ष, तिसरीचा वर्ग. एका वहीत ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं होतं. मी फुली मारली, खाली 'लक्ष देणे' लिहिलं आणि वही परत दिली. दुसऱ्या दिवशी ६३ वजा २८ चं उत्तर ४५. परत फुली, परत 'लक्ष देणे'. तिसऱ्या दिवशी त्या मुलाला शेजारी बसवलं नि विचारलं, "हे कसं केलंस, सांग बरं."

"बाई, मोठ्यातून लहान वजा करायचं, तुम्हीच सांगितलं ना! सात मोठे, दोन लहान. राहिले पाच."

पोरगं पूर्ण लक्ष देऊनच चुकत होतं. घोळ माझ्या वाक्याने घातला होता. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढले, एक दशक त्यालाच सुटा करायला लावला आणि तीच दोन गणितं त्याच्याकडून पुन्हा करून घेतली. पाच-सात मिनिटं लागली.

नव्याने वर्गावर जाणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी पुष्कळ: फुली मारण्याआधी 'कसं केलंस?' विचारा.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (मुलाची प्रगती वर्षभर बघत राहणं) आलं, त्याबरोबर वर्णनात्मक नोंदीही, म्हणजे मुलाबद्दल शब्दांत लिहायचे शेरे. कल्पना चांगली, पण सत्र संपत आलं की तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. मीही त्या उतरवल्या आहेत, खोटं कशाला बोलू? 'अक्षर सुधारावे' वाचून मुलाने नेमकं काय करायचं? 'काना आणि अक्षर यांत अंतर पडतंय, या चार ओळी पुन्हा लिही' म्हटलं की ते लगेच पेन्सिल उचलतं.

गुण आणि शेरा एकत्र दिले की मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. म्हणून रोजच्या वहीत मी गुण देणं सोडलं. पालक विचारतात, "किती पडले?" त्यांना वहीच उघडून दाखवते. सगळ्यांना पटतं असं नाही.

चाळीस वह्यांवर रोज असं लिहिणं होत नाही, त्या फंदात पडू नका. मी रोज सहा-सात वह्या नीट बघते. बाकीच्यांशी ती लिहीत असताना फिरता फिरता बोलते. एकच चूक बऱ्याच जणांची असली तर नाव न घेता फळ्यावर मांडते आणि वर्गालाच शोधायला लावते. वही परत दिल्यावर तासाची पहिली दहा मिनिटं दुरुस्तीला राखून ठेवते. घरी दुरुस्त करून आणा म्हटलं की ते राहूनच जातं.

अलीकडे मुलांना एक सवय लावली आहे: जिथे अडलं तिथे समासात छोटा गोल काढायचा. परवा एका मुलीच्या वहीत उत्तर बरोबर होतं, तरी गोल होता. विचारलं तर म्हणाली, "बाई, आलंय बरोबर, पण कसं आलं ते कळलं नाही."