आधी रेडिंग मग न्यू जर्सी: आम्ही केल्या त्या चुका तुम्ही टाळा

आम्ही आधी साडेतीन वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला होतो आणि मग नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे थेट न्यू जर्सी. तेव्हा वाटलं होतं एकदा यूके जमलं की अमेरिकेत काय एवढं, भाषा तीच, फक्त गाड्या उजवीकडून. डोंबल! गंमत अशी की आपण भारतातून निघतो तेव्हाच अर्ध्या सवयी इंग्रजांच्या घेऊन निघतो, तारीख लिहायची पद्धत, ग्राउंड फ्लोअर, सॉकेटशेजारचं बटण, डावीकडची गाडी, त्यामुळे यूकेत पटकन रुळतो आणि अमेरिकेत तोंडावर आपटतो.

यूकेतल्या चुका त्यातल्या त्यात गरीब, कारण तिथे चुकलात तरी कोणी सांगतच नाही. रेडिंगला शेजारच्या आजी रोज मला "यू ऑलराइट?" विचारायच्या, मला वाटायचं मी आजारी दिसते की काय, आणि एकदा तर मी कंबरदुखीपासून सगळं पुराण सांगत बसले, त्या बिचाऱ्या हातात कचऱ्याची पिशवी धरून ऐकत उभ्या. आपलं "काय म्हणताय?" असतं ना, तेवढंच आहे ते. परत "ऑलराइट?" म्हणायचं आणि चालू पडायचं. ऑफिसात ब्रिटिश मॅनेजर "क्वाइट गुड" म्हणाला तर लगेच पेढे वाटू नका, त्याचा अर्थ बरेचदा "ठीकठाक आहे" असा असतो, अमेरिकन मॅनेजर म्हणाला तर मात्र खरंच आवडलंय.

आता तारीख. ही सगळ्यात महागात पडते. आमची मुलगी १२ जूनची, यूकेत १२ आठवड्यांची लस ४ सप्टेंबरला झाली आणि तिच्या रेड बुकमध्ये (तिथली बाळाच्या तब्येतीची, लसींची नोंदवही) ४/९ असं लिहिलं गेलं. अमेरिकेत शाळेच्या ॲडमिशनला मी तेच फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं, तिथे महिना आधी लिहितात, म्हणजे झाला ९ एप्रिल, आणि तिथल्या बाई शांतपणे विचारतात की जन्माच्या दोन महिने आधी लस कशी काय दिली? वर्षही तेच, त्यामुळे मला मिनिटभर कळेना की काय चुकलंय. उपाय साधा, महिना कायम अक्षरात लिहा. १२ च्या पुढचा दिवस असेल तर घोळ लगेच पकडला जातो, १ ते १२ मध्येच सगळी गोची.

विजेच्या वस्तूंचं तर विचारूच नका. मी रेडिंगची लाडकी किटली घेऊन आले, प्लगला अडॅप्टर लावला, बटण दाबलं, आणि पाणी काही उकळेना. अडॅप्टर फक्त पिना बदलतो हो, व्होल्टेज नाही! यूकेत आपल्यासारखंच २३०, अमेरिकेत १२०, आणि व्होल्टेज साधारण निम्मं झालं की किटलीची पॉवर पाववर येते, म्हणजे ३००० वॅटची किटली जेमतेम ८०० वॅटची होते. भारतातून नेलेला मिक्सर यूकेत प्लग बदलून मस्त चालला होता, इथे शेंगदाण्याची चटणी करायला घेतली तर नुसतं घुंऽऽ करून पातं जागच्या जागी. शेवटी इंडियन स्टोअरमधून ११० व्होल्टवाला घेतला. उलटं मात्र चुकूनही करू नका, अमेरिकेतला मिक्सर यूकेत किंवा भारतात थेट लावलात तर धूरच निघेल. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्याची काळजी नको.

ओव्हनची पण एक गोष्ट. नानकटाई १८० वर ठेवली, पाऊण तासाने बघते तर पांढरीफटक, तुपात पोहतेय. इथला ओव्हन फॅरनहाइटमध्ये! १८० फॅरनहाइट म्हणजे साधारण ८२ सेल्सियस, ३५० लावायला हवं होतं. आणि नवीनच यूकेत गेला असाल आणि ओव्हन चालू होत नसेल तर आधी भिंतीवरचं मोठं बटण बघा, बरेचदा लाल असतं. आम्ही ते न बघता घरमालकाला बोलावलं, त्याने एक बोट लावलं, ओव्हन सुरू, आणि वर तोच सॉरी म्हणाला.

पैशांचं थोडक्यात. यूकेत लेबलवर जी किंमत तेवढेच द्यायचे, व्हॅट आतच धरलेला असतो. अमेरिकेत काउंटरवर वर टॅक्स लागतो, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, पण कपड्यांवर आणि बऱ्याचशा किराण्यावर नाही, म्हणून सुट्टे मोजून हातात धरण्यात अर्थ नाही. रेस्टॉरंटमध्ये इथे १८-२० टक्के टिप द्यावीच लागते, यूकेत आधी बिल नीट वाचा, १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असला तर परत टिप कशाला? आणि पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बारपाशी जाऊन ऑर्डर द्यायची असते. आम्ही वीस मिनिटं बसलो होतो.

अमेरिकेत पॅरासिटामॉल मागितलं तर काउंटरवरचा मुलगा बघतच राहील, इथे त्याला असिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल म्हणजे तेच. सर्दी-खोकल्याच्या औषधांतही ते बरेचदा असतं, म्हणून गोळी आणि सिरप एकत्र घ्यायच्या आधी लेबल वाचा, डबल डोस लिव्हरला झेपत नाही.

आणि घर भाड्याने घेताना मजला विचारा. आम्ही रेडिंगहूनच फोनवर फायनल केलं, "फर्स्ट फ्लोअर" ऐकून खूश झालो की चला, जिना चढून वर, येणाजाणाऱ्यांची नजर नको. अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला. बेडरूमची खिडकी थेट पार्किंगमध्ये, रात्री प्रत्येक गाडीचा लाइट उशीवर. करार वर्षाचा होता, जाड पडदे घेतले.