ऑटोकॅड अपग्रेडनंतर जुने मॅक्रो अडले तर

वाळूजच्या टूलरूममध्ये वर्षानुवर्षे चाललेला मॅक्रो (नेहमीची कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत अडला, तर लगेच कोड उसवू नका. आधी फाइलचं एक्स्टेन्शन बघा.

एलएसपी (ऑटोलिस्प भाषेतली फाइल) असेल तर बहुधा सुरक्षेची अडचण असते. ऑप्शन्समध्ये फाइल्स टॅबवर ट्रस्टेड लोकेशन्स आहे, तिथे मॅक्रोचं फोल्डर जोडा. बाहेरच्या फाइल्स अडवणारं 'सिक्युअरलोड' हे सेटिंग शून्यावर नेऊ नका, ते दार सताड उघडं टाकण्यासारखं आहे. मॅक्रो लोड होतो, पण मध्येच रद्द केल्यावर एरर येते? ऑटोकॅड २०१५ पासून एरर-हँडलरमध्ये (चूक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) साधं 'कमांड' चालत नाही, 'कमांड-एस' लिहा.

खरी डोकेदुखी डीव्हीबीची, म्हणजे व्हीबीए (व्हिज्युअल बेसिक) भाषेतल्या मॅक्रोची. त्यासाठी व्हीबीए मॉड्यूल वेगळं डाउनलोड करावं लागतं, तेही नेमक्या त्याच आवृत्तीचं. ६४-बिटवर विंडोज एपीआयच्या डिक्लेअर ओळींत 'पीटीआरसेफ' घाला आणि हँडल, पॉइंटरसाठी 'लाँग'ऐवजी 'लाँगपीटीआर' वापरा. रंगाची ओळ हमखास विसरली जाते: तिच्यातल्या 'एसीसीएमकलर' या नावापुढचा १८ हा आवृत्तीचा आकडा ऑटोकॅड २०१०-१२ चा, २०२५ साठी तिथे २५ हवा.

डीएलएल (डॉटनेटमध्ये कंपाइल केलेली फाइल) असेल तर ऑटोकॅड २०२५ मध्ये ती डॉटनेट ८ साठी नव्याने कंपाइल करा. सोर्स कोड हाताशी नसेल, तर जुनं ऑटोकॅड काढू नका.