मेडिकलच्या काउंटरवर किडनीचा धोका कसा हेरायचा

किडनीचं निम्म्याहून जास्त काम मंदावलं तरी बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. पण असा माणूस शुगर-बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला मेडिकलवर येतोच. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरून सुरुवात करा.

आधी शुगर किंवा बीपी असलेले घ्या. मग हृदयविकार, वारंवार मुतखडा, घरात कोणाचं डायलिसिस, वय साठच्या पुढे. सरसकट सगळ्यांच्या मागे लागलात तर आठवड्यात कंटाळाल. आठवडे बाजाराच्या गर्दीत तर हे जमतच नाही. दुपारच्या निवांत वेळेला बोलवा.

खरी माहिती एका प्रश्नात दडलेली असते. "आणखी काही औषध चालू आहे?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, कारण दुखण्याची गोळी लोकांच्या लेखी औषधच नसते. म्हणून विचारा, "कंबर-गुडघे दुखले की काय घेता? आठवड्यातून किती वेळा?" धुळे-नंदुरबारकडे "तुमले शुगर शे का?" असं अहिराणीत सुरू केलं की माणूस मोकळा होतो. कापूस वेचणारे, केळीचे घड वाहणारे डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक रोज घेत असतात. त्यात बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर सावध व्हा. दुखण्याच्या गोळीने किडनीत रक्त आणणारी नळी आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैलावते, आणि तिसरीमुळे अंगातलं पाणी कमी होतं. गाळणीतला दाबच पडतो. मे महिन्यात उन्हात राबणाऱ्याला हे चार दिवसांतही भोवू शकतं. दुखण्याची गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवायला सांगा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायला लावू नका.

बीपी घेण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबा. दंड हृदयाच्या पातळीत ठेवून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो. १४०/९० किंवा जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा. १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. अंगावर सूज येऊन धाप लागत असेल किंवा लघवी अगदी कमी झाली असेल तरीही तसंच.

लघवी तपासायची पट्टी लघवीत बुडवून लगेच काढा, कड टिपा, आडवी धरा आणि प्रोटीनचा रंग डबीवर दिलेल्या वेळेलाच वाचा, बहुधा ६० सेकंदांनी. उशीर झाला की रंग गडद दिसतो. आपल्याकडे पट्ट्या बिघडतात त्या उन्हाने. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांच्या आत ठेवावं लागतं, आणि भुसावळ-जळगावला उन्हाळ्यात बाहेर ४५ असतं. फ्रिजमध्येही नको, ओल धरते. झाकण घट्ट ठेवा, डबी उघडल्याची तारीख वर लिहा. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, जड मेहनत यांतही प्रोटीन दिसू शकतं. आणि पट्टी कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका, थोडं अल्ब्युमिन (लघवीत उतरणारं एक प्रोटीन) तिला दिसतच नाही.

म्हणून शुगर-बीपीवाल्याला लॅबमध्ये दोन तपासण्या करायला पाठवा: सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा). आदल्या रात्री मटण नको, क्रिएटिनिन वाढतं. रिपोर्टवर नुसता क्रिएटिनिनचा आकडा वाचू नका, ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला अंदाज. १.२ क्रिएटिनिन असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर ८६ च्या आसपास येतो, तर ६० वर्षांच्या बाईचा ५२. रिपोर्टवर दोन्ही "जवळपास नॉर्मल" वाटतात.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा गुणोत्तर ३० (मि.ग्रॅ./ग्रॅम) च्या वर असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या. ३० च्या खाली ईजीएफआर किंवा ३०० च्या वर गुणोत्तर असेल तर किडनीतज्ज्ञांकडे. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही चिठ्ठीत लिहा, ईजीएफआर ३० च्या खाली असताना ती चालत नाही. "किडनीचा आजार आहे" असं तुम्ही सांगू नका. त्यासाठी बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. आणि रावेर-यावलमध्ये कोणालाही घाबरवून केळी सोडायला लावू नका. केळीत पोटॅशियम असतं, पण त्याचं पथ्य रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. पापड-लोणच्यातलं मीठ कमी करायला मात्र खुशाल सांगा.

नोंदवहीत तारीख, बीपी, पट्टी आणि तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा. वेचणीच्या हंगामात माणूस सापडत नाही, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणाचाही नंबर घेऊन ठेवा.